जगाचा मानकरी

दर वर्षी एकदा ती बातमी येते. जगातला सर्वोत्कृष्ट क्रिकेटपटू, सर्वोत्कृष्ट गोलंदाज, सर्वोत्कृष्ट अमुक आणि तमुक. कोट घातलेली हसरी पोरं, हातात चकचकीत चषक, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘यंदाच्या पुरस्काराचे मानकरी’. जावई कौतुकानं पेपर पुढे करतात आणि मी तो बाजूला सारते. परवा त्यांनी विचारलंच, “आई, क्रिकेटचा तुम्हाला एवढा राग का हो?” क्रिकेटचा नाही हो. त्या शब्दाचा राग आहे. मानकरी! या एका शब्दापायी एका ताठ माणसाचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. आणि ज्यांनी ते केलं, त्यांच्यातल्या एकालाही पुढे कधी त्याची टोचणी लागली नाही.

भानुदास अण्णा आमच्या हायस्कूलचे ड्रिलमास्तर. गाव कर्जत तालुक्यातलं, गावाचं नाव मी सांगणार नाही. मी नगरहून मराठी शिकवायला तिथे गेले तेव्हा नवखी होते, आणि राहायला जागा मिळाली ती अण्णांच्या शेजारी. मधे एक भिंत, तीही अर्धी. त्यामुळे त्यांच्याकडची भांडणं, भाकरी आणि रेडिओ हे सगळं मला फुकट मिळायचं.

माणूस उंच, वाळका. पायजमा नेहमी घोट्याच्या वर, डोक्यावर पांढरी टोपी, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपलं काहीतरी चुकलंय. बहुतेक वेळा चुकलेलंच असायचं. अण्णांना एक खोड होती, नंबर द्यायची. कशालाही! वर्गातल्या पोरांना, बैलांना, कीर्तनकारांना, एसटीच्या ड्रायव्हरांना. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे पोहे करून पाठवले तर ताटली परत आली ती निरोपासकट, “दुसरा नंबर. मीठ मागनं घातलंय.” मला इतका राग आला! बरं, मीठ मी खरंच मागून घातलं होतं. त्यांच्या बायकोला, कुसुमवहिनींना, मी विचारलं, तुम्हाला कितवा नंबर देतात हो? तर त्या म्हणाल्या, “मला परीक्षेलाच बसू देत न्हाईत.”

क्रिकेट ते स्वतः कधी धड खेळले नव्हते. पण रेडिओला कान लावून बसले की जग बुडालं तरी उठायचे नाहीत. पोरं येऊन सांगायची, सर, आज अमक्यानं शंभर काढल्या. अण्णा म्हणायचे, “नाव ऱ्हाऊ दे. खेळ सांग.” मग पोराची त-त-प-प. शंभरांत किती झेल सुटले, समोर गोलंदाज कोण होता, खेळपट्टी कशी होती, हे सगळं सांगितल्याशिवाय शंभराला त्यांच्याकडे किंमत नव्हती. नावाला तर मुळीच नाही. शाळेच्या शर्यतीत त्यांचा सख्खा पुतण्या विलास धावला आणि दोरीपाशी दुसऱ्या एका पोराला कोपर मारून पुढे गेला. साऱ्या गावानं टाळ्या वाजवल्या. अण्णांनी शिट्टी फुंकली आणि विलासला शेवटचा नंबर दिला. दुसरा नाही, शेवटचा! त्या संध्याकाळी धाकटे भाऊ उत्तमराव अर्ध्या भिंतीपलीकडे येऊन बोलत होते ते मला स्पष्ट ऐकू आलं. “दादा, घरचं पोरगं हाय. लोकांत असं पाडायचं असतं व्हय?” अण्णा म्हणाले, “घरचं हाय म्हनून तर लवकर दिसलं.”

उत्तमराव सोसायटीत संचालक. कपडे परीटघडीचे, बोलणं गोड, डोळे मात्र हिशेबी. मला ते गृहस्थ पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत, हे मी आजही मोकळेपणानं सांगते.

आता त्या मानाची गोष्ट. चैत्रात गावात भैरोबाची जत्रा. पालखी निघण्याआधी पाटील पाच घरांना मानाचा फेटा बांधतात, आणि त्यातला पहिला अण्णांच्या घराला. अण्णा थोरले म्हणून तो अण्णांच्या डोक्याला. का? तर त्यांच्या कुणा पणजोबानं म्हणे देवळाच्या पायात पहिला दगड ठेवला होता. अण्णांना दर वर्षी त्या फेट्याखाली घाम फुटायचा. “दगड त्येनं ठिवला, बाई. डोकं माझं का म्हनून?” असं मला म्हणाले होते. फेटा घ्यायचे, पालखीपुढे चालायचे आणि घरी आले की तो खाटेवर असा टाकायचे की जणू दुसऱ्या कुणाचा चुकून आला होता.

एकाहत्तर सालच्या जत्रेआधी पेपरात कुठेतरी त्यांनी वाचलं, की साहेबाच्या मुलुखात दर साल पाच क्रिकेटपटू निवडतात आणि त्यांचा गौरव करतात. पेपरवाल्यानं लिहिलं होतं, ‘यंदाचे पाच मानकरी’. झालं, तिथेच माशी शिंकली. अण्णा तो पेपर घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले. “बाई, तुमी मराठीच्या. मानकरी असाबी असतो? खेळून झालेला?” मी म्हटलं, असतो की, ज्याला मान मिळाला तो मानकरी. अण्णांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, “आमच्यात जलमून होत्यात.” आणि थोड्या वेळानं, “पाच कशाला पन? एक निवडायला छाती लागती.”

जत्रेच्या दिवशी देवळात फेटा बांधून घेतला, पालखीपुढे चालले, आणि दुपारी सगळी पोरं शाळेच्या मैदानावर बोलावली. जत्रेला आलेले पै-पाहुणेही गंमत बघायला आले. मैदानात बाभळीचा एक स्टंप ठोकला, त्यावर मडकं उपडं घातलं, आणि डोक्यावरचा फेटा सोडून अण्णांनी तो त्या मडक्याला बांधला. असा झोकात बांधला की काय सांगू! फेटा बांधावा तर अण्णांनीच, हे त्यांचे वैरीसुद्धा कबूल करत. मग शिट्टी फुंकून म्हणाले, “भैरोबाच्या साक्षीनं, यंदाचा जगाचा मानकरी.”

आपल्या संघानं तेव्हा वेस्ट इंडीजला त्यांच्याच अंगणात पहिल्यांदा हरवलं होतं. गावात त्याचाच डंका. पोरांना वाटलं, आता आपल्या त्या नव्या सलामीच्या फलंदाजाचं नाव येणार. अण्णांनी नाव घेतलं ते वेस्ट इंडीजच्या एका गोलंदाजाचं. ना त्याला विकेटी मिळाल्या होत्या, ना त्याची बाजू जिंकली होती.

“अहो अण्णा, आपली जिंकली ना!” कुणीतरी ओरडलं.

“जिंकनाऱ्याला जिंकल्याचं मिळालं की. आनखी काय द्यायचं त्येला?” अण्णा म्हणाले. “ह्यो गडी दिसभर टाकत हुता. झेल दुसऱ्यांनी सोडले. सांजच्याला शेवटचं षटक टाकलं, तवाबी पळत येनं तेच आन टप्पाबी तोच. मला सांगा, त्येची चूक कुठली?”

गाव खो खो हसलं. अण्णांनी बुजगावण्याला फेटा बांधला, असं पार कर्जतच्या बाजारापर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी फेटा सोडला, घडी केली आणि ट्रंकेत ठेवला. आता तो डोक्याला बांधायला ते तयार नव्हते. “माझा न्हाई त्यो. ज्याचा हाय त्येचा. मी नुसता राखनदार.” वहिनी म्हणाल्या, “तो काय इथं न्यायला येनार हाय?” अण्णा म्हणाले, “न आला तरी त्येचाच.”

पुढच्या वर्षी मात्र मैदान भरलं. हसायला आलेले आता ऐकायला आले. पोरांत पैजा लागल्या होत्या. अण्णांनी त्या वर्षी मिळालेला नवा फेटा आपल्याच एका फिरकी गोलंदाजाला दिला आणि गावानं असा जल्लोष केला की बास. अण्णांना खांद्यावर घेतलं, हलगी लावली, गुलाल टाकला. अण्णा वरून ओरडत होते, “आरं उतरवा! तुमच्या खुशीसाठी न्हाई दिला!” कोण ऐकतंय? त्या गर्दीत उत्तमराव कडेला उभे होते आणि सगळं नीट बघत होते. दोनच दिवसांनी भिंतीपलीकडे गोड आवाज आला, “दादा, म्होरल्या साली कारखान्याच्या अध्यक्षांना बोलवू. त्येंच्या हातनं देऊ. मांडव घालू, फोटूवाला आणू.”

“त्येंनी कधी चेंडू हातात धरलाय?”

“आरं दादा, त्येचा काय संबंध?”

“मग त्येंचा काय संबंध?”

विषय संपला. निदान मला तसं वाटलं. मी मूर्ख होते.

त्या वर्षी पाऊस पडला नाही. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना मी काय सांगणार, आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना सांगून कळणार नाही. अर्धं गाव सरकारी कामावर खडी फोडायला जायचं. शाळेत पोरं बसल्या जागी झोपायची. अण्णांनी ड्रिल बंद केलं; उपाशी पोरांना काय कवायत करायला लावायची? रेडिओ तेवढा चालू असायचा.

त्र्याहत्तरच्या जत्रेआधी देवळात बैठक भरली. जत्रा साधीच करायची, एवढं ठरवायला म्हणून. मी मंडपाच्या कडेला बायकांत बसले होते. उत्तमराव उठले, हात जोडले, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, “मंडळी, मला बोलताना लई जड जातंय. दादा मला बापाच्या जागी. पन देवाचा फेटा मडक्याला बांधला, परमुलखातल्या मानसाच्या नावानं बांधला. त्येच्यानंतर दोन पावसाळं बघा. पयला कमी झाला, दुसरा झालाच न्हाई. मी काय बोलत न्हाई. तुमीच बघा.”

मी काय बोलत न्हाई! सगळं बोलून झाल्यावर!

मंडपात कुजबुज सुरू झाली. अण्णा बसल्या जागेवरूनच म्हणाले, “पाऊस साऱ्या जिल्ह्यात न्हाई, उत्तम. सोलापुरात न्हाई, बीडात न्हाई. माझा फेटा एवढा मोठा हुता व्हय?”

दोघे-तिघे हसले. पण ते हसू विरलं, कारण माणसं तहानलेली होती आणि तहानलेल्या माणसाला कुणाला तरी धरायचं असतं. म्हातारे पाटील चांगला माणूस, पण भित्रा. ते म्हणाले, “भानुदास, ते दोन फेटे आन. देवाच्या पायावर घाल, नाक घास, आन मिटीव. मान तुझ्याकडंच ऱ्हाईल.”

“मान घ्या,” अण्णा म्हणाले. “आत्ता घ्या. उत्तमला द्या, त्येच्या बायकोला द्या. पन फेटे माझे न्हाईत. दिलेलं परत मागायचं तर मंग पयल्यांदा दिलं कशाला? ते गडी तिकडं खेळत्यात. त्येंना ठाऊक न्हाई म्हनून त्येंचं चोरू?”

असं कुणी देवळात बोलतं का? पण ते बोलले. मान उत्तमरावांकडे गेला. जत्रेत पहिला फेटा त्यांच्या डोक्यावर चढला आणि अण्णा घरात रेडिओ लावून बसले.

इथवर ठीक होतं. मानाची अण्णांना कधीच हौस नव्हती. पण उत्तमराव तेवढ्यावर थांबले नाहीत. दोघा भावांची विहीर सामाईक होती, वाटणीत उत्तमरावांच्या बांधात गेलेली. गावचा आड कोरडा पडला होता, आणि पाणी टिकून असलेली तेवढी एकच विहीर. उत्तमरावांनी तिच्यावर पत्र्याचं झाकण घातलं आणि कुलूप लावलं. बाकी गावाला सकाळी उघडायची. अण्णांच्या घराला नाही. देवाचं देणं फेडल्याशिवाय देवाचं पाणी नाही, म्हणाले. विहीर देवाची कधी झाली, हे कुणी विचारलं नाही. टँकर यायचा तेव्हा यायचा. आला की बायका वहिनींना रांगेतून ढकलायच्या. ज्यांच्या पोरांना अण्णांनी पोहायला शिकवलं त्याच बायका. मी माझ्या वाट्याचं त्यांना द्यायची, पण मलाच दोन कळश्या मिळायच्या. वहिनी खडीच्या कामावरून येताना तिथल्या पाण्याचा हंडा डोक्यावर आणायच्या, एवढ्या लांबून, ऊन डोक्यावर घेऊन. अण्णा आणायला निघाले की त्यांच्या हातून ओढून घ्यायच्या. गडीमाणूस हंडा घेऊन गावातून गेला तर आणखी हसतील म्हणून.

एका दुपारी मी त्यांच्याकडे चाळण परत द्यायला गेले, तर अण्णा उघड्या ट्रंकेपुढे बसलेले. ट्रंक रिकामी. वहिनी चुलीपाशी पाठमोऱ्या.

“दोन्ही?” अण्णांनी विचारलं.

“दोन्ही,” वहिनी म्हणाल्या. “नेऊन दिले भाऊजींना. त्या धडुत्यांपायी मी मरू काय?”

अण्णांनी ट्रंक बंद केली, कडी घातली. मग नुसतं म्हणाले, “त्येंचे हुते गं.” वहिनी रडत होत्या, पण भाकरी थापायची थांबल्या नाहीत. मी त्यांना दोष देणार नाही, कुणी देऊही नये. संध्याकाळी त्यांनी विहिरीवरून भरलेला हंडा आणला.

आणि मग जूनमध्ये पाऊस आला! नगरला आला, पुण्याला आला, साऱ्या महाराष्ट्रात आला. आमच्या गावात मात्र तो फेटे परत आले म्हणून आला. लोक उत्तमरावांच्या पाया पडले. शाळेतले शिक्षकसुद्धा, बी.ए. बी.एड. झालेले, म्हणाले, काहीतरी असतं हो त्यात. मी भांडले, घसा सुकेपर्यंत भांडले. अण्णा भांडले नाहीत. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून खडूच्या तुकड्याशी खेळत होते.

त्यानंतर अण्णा सगळ्यांना पहिला नंबर द्यायला लागले. धावणारा, चालणारा, पडणारा, सगळे पहिले. मी मुद्दाम पोह्यांत मीठच घातलं नाही. निरोप आला, “पयला नंबर, बाई.” ताटली भिंतीवर फेकावीशी वाटली मला.

पुढच्या जत्रेला उत्तमरावांनी मांडव घातला. गावोगावचे संघ बोलावले, चषक आणला, कारखान्याचे अध्यक्ष जीपमधून आले. मांडवावर कापडी फलक, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘मानकरी’. मी मास्तरकीची सवय म्हणून शुद्धलेखन तपासलं, चूक नव्हती. अंतिम सामना आमचा आणि कर्जतचा. कर्जतच्या एका काळ्यासावळ्या पोरानं अशी गोलंदाजी केली की मला, क्रिकेट न कळणाऱ्या बाईलाही, कळलं. विलासचा त्रिफळा उडाला तर पंचानं नोबॉल दिला. पंच सोसायटीचा कारकून होता. मग विलासनं पंचवीसेक धावा केल्या आणि कर्ण्यावरून जाहीर झालं, की यंदाचा मानकरी विलास उत्तमराव, आणि त्याला फेटा बांधतील या प्रथेचे जनक, आदरणीय भानुदास अण्णा.

अण्णा गर्दीत मागे उभे होते. त्यांना कुणी विचारलेलंही नसावं, कारण ते दचकले. सगळ्यांनी वळून बघितलं. मी मनात म्हटलं, आता बोला अण्णा. एकदाच बोला. कोपर मारणाऱ्याला शेवटचा नंबर देणारे तुम्ही, एवढं एक वाक्य बोला आणि मग काय व्हायचं ते होऊ दे.

अण्णा मंचावर चढले. फेटा हातात घेतला, झटकला, एक टोक विलासच्या दातांत दिलं आणि बांधायला सुरुवात केली. पीळ दिला, तुरा काढला, शेमला पाठीवर सोडला. फेटा सुरेख झाला. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, फोटोवाल्यानं फोटो काढला. ‘दोन शब्द’ म्हणून माईक पुढे केला तर अण्णा म्हणाले, “चांगला खेळला.” आणि उतरले.

मी त्यांना मांडवामागे गाठलं. मला राहवलंच नाही. “अण्णा, तुम्ही? आणि त्याला? अहो, तो कर्जतचा पोरगा...”

“बघितला की,” अण्णा म्हणाले. “लई गुणी हाय. पाय कुठं पडतो ते बघितलं का त्येचं?” क्षणभर डोळ्यांत काहीतरी चमकलं. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “आड परत आटलाय, बाई. कुलपाची किल्ली उत्तमच्या कमरंला हाय. आन तुमच्या वहिनीला आता हंडा झेपत न्हाई.”



सुट्टी लागली आणि मी नगरला निघाले; पुढे बदली झाली, त्या गावात परत गेलेच नाही. सकाळची पहिली एसटी उत्तमरावांच्या बांधावरून जाते. विहिरीपाशी गाडी हळू झाली, कारण रस्त्यात बायकांची रांग होती. रांगेत शेवटी अण्णा आणि वहिनी उभे. उत्तमरावांची बायको झाकणावर बसून दात घासत होती, आणि कुलूप अजून काढायचं होतं. मी खिडकीतून हात काढून हाक मारली. अण्णांनी वर बघितलं, मला ओळखलं, आणि डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली. मग रिकामा हंडा उचलून ते वहिनींच्या पुढे जाऊन उभे राहिले, म्हणजे मला त्या दिसू नयेत.